थाऊपासून यार्डापर्यंत

वापरलेलं रिव्हॉल्व्हर माझ्या टेबलावर येतं तोवर दोघांनी तरी ते उघडून पाहिलेलं असतं; काउंटरवरच्या पोराने एकदा, मालकाने एकदा. तरी मी पुन्हा उघडते. सिलिंडर बाजूला काढून सहाही चेंबरमधून खिडकीचा उजेड दिसतो का ते बघते आणि मगच फिलर गेजला हात लावते. ओहायोतल्या एका लहान गावात बंदुकीचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत माझं हे काम चालतं. दुकान नव्या-जुन्या बंदुका विकतं, दुरुस्त्या करतं, आणि कुणाला हवा असेल तर पैसे घेऊन हत्याराचा लेखी अहवाल देतं. तो अहवाल मी लिहिते.

मी काही शिकाऱ्याच्या घरातली नव्हे. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला होते. आलेलं कास्टिंग आधी डोळ्याने बघायचं, मग गेजने, मग सरफेस प्लेटवर ठेवून. लग्नानंतर इकडे आले आणि ग्रीन कार्ड मिळेपर्यंत घरीच बसले. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला इथल्या केंद्रीय कायद्याची सर्वसाधारण मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं हा त्यातला एक अपवाद. कार्ड हातात पडलं तेव्हा या दुकानाला मायक्रोमीटर नीट धरता येणारं माणूस हवं होतं, आणि मला तेवढंच नीट येत होतं. पाहुण्यांनी विचारलं तर आई अजून सांगते, ‘मुलगी अमेरिकेत मोजमापाचं काम करते.’ खोटं नाही ते.

सुरुवातीला मला जो प्रश्न पडला तो आपल्याकडच्या कुणालाही पडेल. रिव्हॉल्व्हरने हरीण मारतात? आपल्या डोळ्यांसमोर रिव्हॉल्व्हर येतं ते पोलिसाच्या कमरेचं, पुढाऱ्याच्या परवान्याचं, नाहीतर सिनेमातलं. शिकारीचा विषय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटला. राहिली नेमबाजी, तिचा मला कोल्हापूरची म्हणून अभिमान आहेच. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला प्रोन रायफलमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं, राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं, स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य. पण त्या जगात या अवजड रिव्हॉल्व्हरला दारातूनच परत पाठवतील. आंतरराष्ट्रीय सेंटर-फायर प्रकारात गोळीचा व्यास ९.६५ मिलिमीटरपर्यंतच चालतो; .४४ मॅग्नमची गोळी जवळजवळ १०.९ मिलिमीटरची असते.

ओहायोत पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा ठरलेला हंगाम असतो. बंदुकीचा मुख्य आठवडा थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो आणि नियमांत हातातल्या बंदुकीलाही जागा आहे. नळी किमान पाच इंचांची हवी, काडतूस .३५७ किंवा त्याहून मोठं हवं, आणि पुंगळी सरळ हवी, रायफलच्या काडतुसासारखी मानेशी आवळलेली नको. कापणी झालेल्या मक्याच्या रानांमध्ये झाडीचे तुकडे असतात, त्यातल्या एखाद्या झाडाला शिडीची बैठक बांधून माणसं पहाटेपासून गारठत बसतात. अशा झाडीत हरीण दिसतं तेच चाळीस-पन्नास यार्डांवर. म्हणून इथे रिव्हॉल्व्हरचा विचार वेडेपणाचा ठरत नाही.

या काडतुसांचा इतिहास दुकानात सगळ्यांना तोंडपाठ असतो, मला तो ऐकून ऐकून झाला. .३५७ मॅग्नम १९३५ साली आलं. एल्मर कीथ नावाचा आयडाहोतला एक पशुपालक आणि लेखक १९०७ सालचं .४४ स्पेशल काडतूस जास्त दारू भरून वापरत होता आणि कारखान्यांनी असंच काडतूस काढावं म्हणून वर्षानुवर्षं लिहीत होता. शेवटी १९५५च्या अखेरीस स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी मिळून .४४ मॅग्नम आणलं. पुंगळी स्पेशलपेक्षा एक अष्टमांश इंचाने लांब ठेवली, म्हणजे कुणी जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये चुकून ती घालू नये. १९५६ला रूगरचं .४४ मॅग्नमचं ब्लॅकहॉक निघालं. आणि १९७१ला ‘डर्टी हॅरी’ सिनेमात क्लिंट ईस्टवूडच्या हातात स्मिथ अँड वेसनचं .४४ मॅग्नम, मॉडेल २९, दिसलं, तेव्हापासून ज्यांना त्याचं काही काम नव्हतं त्यांनाही ते हवंसं झालं. अशी कितीतरी रिव्हॉल्व्हरं आमच्याकडे परत विकायला येतात, सोबत पन्नास काडतुसांचा डबा, त्यातली सहा-बारा उडवलेली. हत्यार नव्यासारखं आणि मालकाचा उत्साह संपलेला. मोजमापाच्या दृष्टीने यांच्याइतकं सोपं गिऱ्हाईक नाही.

मला ज्याच्याबद्दल लिहायचंय ते तसं नव्हतं. एक निवृत्त टूल-अँड-डाय मेकर आपलं रूगर सुपर रेडहॉक घेऊन आले. .४४ मॅग्नम, साडेसात इंची नळी, स्टेनलेस. त्यांनी ते दुसऱ्या कुणाकडून जुनं घेतलं होतं आणि त्यांना दोन कामं करायची होती: नोव्हेंबरअखेर हरीण आणि उन्हाळ्यात पोलादी आकृत्यांवरची नेमबाजी. ‘एकच हत्यार दोन्हीला पुरेल का, तेवढं लिहून द्या,’ म्हणाले. आयुष्यभर डाय बनवलेला माणूस. माझ्या टेबलावरच्या पिन गेजचा डबा त्यांनी स्वतः उघडला, एक पिन उजेडात धरून पाहिली आणि मान हलवून परत ठेवली. माझी परीक्षा झाली.

या रिव्हॉल्व्हरची फ्रेम कास्टिंगची असते. आमच्या काउंटरवर थोडा वेळ उभं राहिलात तर हमखास ऐकाल की फोर्ज केलेलं ते खरं आणि ओतलेलं ते स्वस्तातलं. ज्याचं पोट ओतकामावर चाललंय त्याला हे ऐकून संताप येतो. रूगरचं ओतकाम न्यू हॅम्पशरमधल्या न्यूपोर्टला होतं. मेणाच्या नमुन्यावर सिरॅमिकचं कवच चढवायचं, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पोलाद ओतायचं. आमच्या वाळूच्या साच्यांपेक्षा हे फार नाजूक आणि काटेकोर काम. ओतलेल्या पोलादातून फोर्जिंगइतकी ताकद हवी तर आकार थोडा भरीव ठेवावा लागतो, तसा तो ठेवलाय. परिणाम असा की साडेसात इंचीचं वजन ५३ औंस, म्हणजे दीड किलो. कमरेला लावून डोंगर चढणाऱ्याला हे वजन नकोसं होईल. बार काढणाऱ्या मनगटाला मात्र त्यातला प्रत्येक औंस हवा असतो. मी तरी सवयीने फ्रेमवर टॉर्च मारून ब्लो-होल शोधते. फाउंड्री सुटली, ही खोड सुटली नाही.

सुपर रेडहॉक १९८७ साली आलं तेव्हा त्यातली एक गोष्ट शिकाऱ्यांना फार पटली. फ्रेम पुढे वाढवून नळीच्या मुळाभोवती नेली आहे आणि दुर्बिणीच्या कड्यांच्या खाचा नळीत न कोरता त्या फ्रेममध्येच कोरल्या आहेत. सिलिंडरचं कुलूपही मागे एक आणि पुढे, ज्या दांड्यावर सिलिंडर बाहेर झुलतं तिथे, दुसरं. जिथे ताण येतो तिथे धातू, हा सरळ हिशेब. दिसायला ते सुंदर नाही, आणि तसं मी अहवालात लिहीत नसले तरी इथे लिहिते.

मोजमापाला सुरुवात होते सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीपासून. रिव्हॉल्व्हरमध्ये ही फट ठेवावीच लागते, नाहीतर सिलिंडर फिरणार नाही. साधारण चार ते आठ थाऊ, म्हणजे इंचाचे चार ते आठ हजारांश, चांगली. इथे सहाचं पान सरकलं, सातचं अडलं, आणि सहाही चेंबरला तसंच. सिलिंडर पुढेमागे हलवून पाहिलं तर दीड थाऊ. एवढ्याशा फटीचं इतकं कौतुक कशाला, तर .४४ मॅग्नमच्या चेंबरमध्ये दर चौरस इंचाला ३६,००० पौंडांपर्यंत दाब मान्य आहे आणि बार होताना त्यातला काही जाळ याच फटीतून दोन्ही बाजूंना सुरीसारखा निघतो. नव्या माणसाला पहिली ताकीद हीच: दुसरा हात पुढे नळीखाली न्यायचा नाही, बोट जाईल. वरच्या पट्टीवर, फटीच्या बरोबर वर, या जाळाने कोरलेली बारीक रेघ होती. ती घाबरण्यासारखी नव्हती. नखाला जाणवेल एवढीच.

मग घोडा अंगठ्याने हळूहळू मागे ओढायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडर जरासं अडवून धरायचं. घोडा पूर्ण मागे बसायच्या आत सिलिंडर खाचेत अडकल्याचा आवाज यायला हवा. सहा वेळा आला. नळीच्या तोंडातून गेजचा दांडा सोडला, तो प्रत्येक चेंबरमध्ये न अडखळता उतरला. चेंबरच्या पुढच्या तोंडात .४३१ची पिन गेली, .४३२ची एकाही ठिकाणी गेली नाही. नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकून बाहेर काढला आणि मायक्रोमीटरने मोजला: .४२९ आणि वर थोडं. चेंबरचं तोंड नळीपेक्षा किंचित मोठं, असंच हवं. उलट असतं तर गोळी आधी आवळली गेली असती आणि नळीत सैल पडली असती. मग बाकी काहीही करा, नेम पसरतो. हे सगळं मी बोलून दाखवत होते आणि गिऱ्हाईक माझ्या वहीत डोकावून आकडे स्वतःच्या वहीत उतरवत होते.

चाप मोजला. घोडा आधी ओढून ठेवला तर जेमतेम पाच पौंड. नुसता चाप ओढून घोडा उचलायचा तर बारा. एवढ्या मोठ्या फ्रेमवर माझं बोट चापापर्यंत जेमतेम पोहोचतं, मग बारा पौंड ओढताना मूठ हातात फिरते. मला विचाराल तर शिकारीला आणि नेमबाजीला हा लांब ओढा निरुपयोगी आहे. दोन्हीकडे घोडा मागे घ्यायला वेळ असतो, आणि नसेल तर बार काढूच नये. पण लोक दुकानात रिकामं हत्यार हातात घेऊन हाच चाप पुन्हापुन्हा ओढून बघतात आणि ‘किती गुळगुळीत’ म्हणतात.

इथपर्यंत काम थाऊत होतं आणि उत्तर स्पष्ट होतं. हत्यार उत्तम. पुढचं काम यार्डात.

रेंजवर जाण्याआधी कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. बंदुकीच्या क्षणिक आवाजाची वरची मर्यादा १४० डेसिबल धरतात, मॅग्नम रिव्हॉल्व्हर १६०च्या घरात जातं. माझ्या गिऱ्हाइकांना उजव्या कानाने आधीच कमी ऐकू येत होतं. प्रेस शॉपची देणगी. जंगलात बहुतेक जण कान झाकत नाहीत, कारण हरणाची चाहूल ऐकायची असते. आता बारीक आवाज वाढवून देणारे आणि बार होताच बंद होणारे इलेक्ट्रॉनिक मफ मिळतात. मी ते अहवालात सुचवते आणि बहुतेकांना तो विक्रीचा डाव वाटतो.

वाळूच्या पिशव्यांवर हात टेकवून पंचवीस यार्डांवर आधी .४४ स्पेशल. ती या चेंबरमध्ये बसतात आणि सुरुवातीलाच माणूस बिचकत नाही. मग कारखान्याची मॅग्नम, २४० ग्रेनची गोळी. चेंबरवर मार्करने आकडे टाकलेले असतात आणि प्रत्येक चेंबरसाठी कागदावर वेगळा ठिपका. सहा चेंबरचं रिव्हॉल्व्हर म्हणजे खरं तर सहा बंदुका आणि एक नळी. एकदा दुसऱ्या एका रिव्हॉल्व्हरच्या मालकाने ‘पाच गोळ्या एकत्र आणि एक भटकते, माझाच हात हलत असणार’ असं म्हणून आशा सोडली होती. आकडे टाकून पाहिलं तर दर वेळी तोच चेंबर. इथे तसं काही निघालं नाही. सहाही ठिपके सारखे, दीड इंचाच्या आत. क्रोनोग्राफवर वेग सेकंदाला १,३३० फुटांच्या आसपास, म्हणजे ४०५ मीटर. साडेपंधरा ग्रॅमची गोळी त्या वेगाने निघते तेव्हा तिच्यात पावणेतेराशे ज्यूल ऊर्जा असते. शंभर यार्डांवर पिशवीवरून पाच इंचात बसल्या. लोखंडाकडून याहून जास्त मागू नये.

आणि मग हत्यार त्यांच्या हातात दिलं.

पहिल्या सहा गोळ्या बऱ्या गेल्या. दुसऱ्या खेपेला कागदावरची भोकं खाली आणि डावीकडे सरकू लागली. ते म्हणाले, साइट हलली असेल. साइट हलली नव्हती. मी सिलिंडर माझ्याकडे घेतलं आणि चार खरी काडतुसं, दोन खोटी, कुठे कुठली ते त्यांना न दाखवता भरली. तिसऱ्या चापाला खोटं काडतूस आलं. बार झालाच नाही, पण नळीचं तोंड दोन इंच खाली गेलं. इंजेक्शनची सुई दिसताच दंड आपोआप आवळतो तसं. दोघांनीही ते पाहिलं. ते काही बोलले नाहीत, रिव्हॉल्व्हर खाली ठेवून पाणी प्यायले, आणि मग म्हणाले, ‘पुन्हा भरा.’ मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला.

धक्क्याबद्दल पुरुष खोटं बोलतात. काही बायकाही बोलतात, मीही रेंजवर ‘काही नाही, सवयीचं आहे’ म्हणून हसलेली आहे. या रिव्हॉल्व्हरचा धक्का हाडं मोडणारा नाही. दीड किलो वजन आणि रबरी मूठ त्यातलं बरंच गिळतात. पण तो साठत जातो. तळव्याच्या मऊ भागात नाही, डोक्यात साठतो. पहिल्या गोळीला कळत नाही, विसाव्या गोळीच्या आधी शरीराने निर्णय घेऊन टाकलेला असतो. हे मोजायला माझ्याकडे गेज नाही, फक्त खोटी काडतुसं आहेत.

‘मग यापेक्षा मोठं घेतलं तर?’ त्यांनी विचारलं. हा प्रश्न येतोच. स्मिथ अँड वेसनने २००३ला .५०० मॅग्नम काढलं, त्यासाठी एक्स नावाची नवी, आणखी मोठी फ्रेम बनवली, सिलिंडरमध्ये पाचच काडतुसं. अस्वलांच्या मुलखात त्याला अर्थ असेल. ओहायोच्या हरणासाठी मला तो दिसत नाही. हरीण .४४ने पडतं, योग्य जागी लागली तर, आणि .५००ने योग्य जागी लागण्याची शक्यता बहुतेक हातांत कमीच होते.

योग्य जागेसाठी इथले जुने शिकारी कागदी थाळी वापरतात. बार्बेक्यूला जेवायला घेतात तीच, नऊ इंची, पांढरी. हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण तेवढाच. ज्या अंतरावर तुमच्या सगळ्या गोळ्या थाळीत बसतात ते तुमचं अंतर. पिशव्या काढून घ्यायच्या, शिकारीत बसता तसं बसायचं, आणि सुरुवात करायची. पंचवीस यार्डांवर त्यांच्या सगळ्या आत. पन्नासवर सगळ्या आत, दोन काठावर. पंच्याहत्तरला थाळीत निम्म्याच, आणि एक तर खालच्या मातीत. मी वहीत ५० लिहिलं. ते म्हणाले, साठ लिहा. मी म्हटलं, साठवर मारून दाखवा. दाखवलं नाही, खांदा दुखत होता.

एल्मर कीथने आपण सहाशे यार्डांवरचं जखमी हरीण .४४ मॅग्नमने पाडल्याचं लिहून ठेवलंय, त्यावर लोक अजून भांडतात. पडलं असेलही. पण पन्नास यार्डांवर साइट लावलेली ही गोळी शंभरवर जातेवेळी पाच-सहा इंच खाली आलेली असते, आणि पहाटेच्या उजेडात झाडीत ऐंशी आणि शंभरमधला फरक भल्याभल्यांना कळत नाही. गोळी साफ चुकली तर काही नाही. पोटात लागली तर हरीण पळतं, मैलभर पळतं, आणि माग काढणारा माणूस रात्री टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत हिंडतो. दुकानाच्या मालकाने मला एकदा असल्या शोधाला नेलं होतं. त्यानंतर अहवालात अंतर लिहिताना माझा हात सैल सुटत नाही.

पोलादी आकृत्यांचा खेळ याच्या उलट. तो मेक्सिकोतून आला. अमेरिकेत १९७६ साली त्याची हँडगनची संघटना झाली. पन्नास मीटरवर कोंबड्या, शंभरवर डुकरं, दीडशेवर टर्की, दोनशेवर मेंढे, सगळे पोलादी पत्र्याचे. गोळी लागून उपयोग नाही, आकृती आडवी पडली तरच गुण. म्हणून इथेही ताकद लागते, विशेषतः मेंढ्याला. पण अंतर आधीच माहीत असतं, मेंढा थांबून राहतो, आणि चुकलं तर कुणाच्या पोटात काही शिरत नाही. नेमबाज पाठीवर पडून, गुडघे वर करून, रिव्हॉल्व्हर पायाच्या बाजूला टेकवतात. तेव्हा ती सहा थाऊची फट बरोबर पोटरीच्या शेजारी येते, म्हणून पायाला चामड्याचा पट्टा बांधतात. नवख्यांच्या पँटवरचे काळे पट्टे मी पाहिलेत. या पडून नेम धरण्यात ते शंभर मीटरपर्यंत छान मारू लागले. तोच माणूस, तेच हत्यार, दुप्पट अंतर. जमिनीने निम्मं काम उचललं.

खेळासाठी ते स्वतः भरलेली काडतुसं वापरणार होते, धक्का कमी असलेली आणि स्वस्त. यात एक गंमत आहे जी इंजिनिअर माणसालाही लवकर पटत नाही: हळू जाणारी गोळी जवळच्या कागदावर बहुधा वर लागते. ती नळीत जास्त वेळ रेंगाळते, तोवर धक्क्याने नळी उचलली गेलेली असते. म्हणजे दोन काडतुसं तर दोन साइट-सेटिंगं, आणि दोन्हीची किती क्लिक ते डब्याच्या झाकणावर लिहून ठेवायला हवं.

त्यांच्या पूर्ण ताकदीच्या घरगुती काडतुसांत मात्र मला वेगळंच सापडलं. सहा भरली, पाच उडवली, न उडालेलं सहावं काढून व्हर्नियरने मोजलं: आधीपेक्षा तीस थाऊ लांब. धक्क्याने रिव्हॉल्व्हर झटकन मागे येतं, पुंगळी त्याच्याबरोबर येते, आतली गोळी जिथल्या तिथे राहू पाहते आणि पुंगळीतून हळूहळू पुढे सरकते. फार सरकली तर तिचं टोक सिलिंडरच्या बाहेर डोकावतं, नळीला अडतं, आणि रिव्हॉल्व्हर तिथेच ठप्प. हरणासमोर हे व्हावं असं कुणालाच वाटणार नाही. इलाज साधा, पुंगळीची कड गोळीच्या खाचेत नीट आवळायची. पण पुंगळ्या आवळणारी डाय त्यांनी स्वतः घरी लेथवर बनवलेली होती. त्यांनी व्हर्नियर माझ्या हातातून घेतला, शून्य तपासला, पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या काडतुसावर तेच. ‘तुमच्या व्हर्नियरला खोट नाही,’ म्हणाले, आणि यापुढे त्या दिवशी साठ यार्डांचा विषय निघाला नाही.

अहवाल दीड पान झाला. पानभर थाऊ, अर्धं पान यार्ड. हत्यार दोन्ही कामांना योग्य. शिकारीसाठी या हातात बसून ५० यार्डांपर्यंत. घरच्या काडतुसांची कड पुन्हा आवळल्याशिवाय शिकारीला वापरू नयेत. मालकाला शेवटचं अर्धं पान खटकलं. त्याचं म्हणणं, गिऱ्हाइकाने हत्याराच्या मूल्यमापनाचे पैसे दिलेत, त्याच्या हाताच्या नाही. असं लिहून दिलं तर पुढचा माणूस येईल का? त्याचा मुद्दा धंद्याच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. फाउंड्रीतही हाच वाद असायचा, कास्टिंग ड्रॉइंगप्रमाणे आहे एवढं लिहायचं की ज्या पंपात ते बसणार तिथे टिकेल का तेही. तिथे मी ड्रॉइंगपुरतंच लिहीत असे, कारण पंप मला कधी दिसलाच नाही. इथे थाळी मी स्वतः लावली होती.

शेवटी आम्ही तडजोड केली. छापील फॉर्मला आता दोन भाग आहेत, हत्याराचा आणि हत्यार-माणसाचा. दुसरा हवा असेल तर गिऱ्हाइकाने स्वतः रेंजवर यायचं आणि त्याचे वेगळे पैसे. बहुतेक जण पहिल्यावर खूश असतात.

टूल-अँड-डाय मेकर मार्चमध्ये परत आले. फ्रेमवर रेड-डॉट साइट बसवून घेतली होती आणि कड आवळणारी नवी डायही केली होती. ती मला दाखवायला खिशातून आणली होती. हरीण मिळालं का, विचारलं. मिळालं, म्हणाले, पण पुतण्याला, शॉटगनने. यांच्यासमोर आलं ते सत्तरच्या पलीकडेच उभं राहिलं. आता फॉर्मचा दुसरा भाग पुन्हा भरून हवा होता. रेंजचे पैसे पुन्हा पडतील म्हटल्यावर त्यांनी मालकाशी घासाघीस सुरू केली, ती मी कागद आणि थाळ्या घेऊन मागच्या दाराने बाहेर पडेपर्यंत चालूच होती.